तळाची पायली

पाखरं माझ्या अंगावर येतात ह्यात माझा काय गुन्हा, ते मी आजवर एकालाबी धड समजावून सांगू शकलो न्हाई. आता तर सांगायचाच कंटाळा आलाय. तरी एकदा सांगतो, सलग. मधी बोलू नका.

मी दावीद. रांजणगावच्या पट्ट्यात एक पिठाची कंपनी हाय, तिथं अकरा वर्षं पाखरांचे सापळे बदलायचं काम करतो. पाखरं म्हंजी धान्यातली. घरात डब्याचं झाकण उघडलं की तोंडावर येतात ना, अर्धा पंख पांढरट आन् अर्धा तांबूस, तीच. सापळा म्हंजी पुठ्ठ्याचं तिकोनी घर, आत चिकट, आन् मधोमध रबराची बुची, खोडरबराच्या तुकड्याएवढी. त्या बुचीला मादीचा वास लावलेला असतो. आपल्याला येत न्हाई तो. नराला येतो, आन् असा येतो की गडी पिठाची अख्खी थप्पी ओलांडून सरळ पुठ्ठ्यात येऊन चिकटतो. मादी येत न्हाई. मादी आपली धान्यात अंडी घालत बसती. म्हणून सापळा भरला म्हंजी पाखरं संपली असं न्हाई. सापळा भरला म्हंजी जवळपास कुठंतरी त्यांनी घर केलंय, एवढंच कळतं. हे मी दर नव्या सुपरवायझरला सांगतो, आन् त्यो दर वेळी भरलेला सापळा बघून खूश व्हतो.

बुची बदलताना हातमोजे घालायचे, असा नियम हाय. नियम करणाऱ्यानं एकदा शिडीवर चढून दाखवावं. मोजा चिकटाला धरतो, तो सोडवायला दुसरा हात घातला की तोबी धरतो, आन् माणूस दोन्ही हात पुठ्ठ्यात घालून वर लटकतो. म्हणून मी उघड्या हातानंच काम करत आलो. वर जुन्या बुच्या क्वालिटीच्या मॅडमला परत द्यायच्या असतात, एकबी हरवून चालत न्हाई. मग त्या शर्टाच्या खिशात टाकायच्या. अकरा वर्षं हेच. वास माझ्यात मुरलाय. शर्ट बदलला तरी हाताला हाय, पिशवीला हाय, गाडीच्या सीटला हाय. कंपनीतले बिहारी गडी माझ्या खिशावर पाखरं बसलेली बघून म्हणतात, “चाचा, आपकी बारात आ गई.” आधी मीबी हसायचो.

आमचं गाव शिरूरहून कवठे येमाईकडं जाताना लागतं. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, चाळीस घरं. उपासना रविवारी संध्याकाळी पाचला, कारण पाळकसाहेब सकाळी दुसरी मंडळी सांभाळतात आन् मग मोटारसायकलवर आमच्याकडं येतात. चर्चला लागून एक खोली हाय, तिला आम्ही दाण्याची खोली म्हणतो. हंगामाच्या सणाला घरटी जी बाजरी अर्पण येती ती त्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत जाती, आन् दर महिन्याला मंडळीतल्या सात एकट्या म्हाताऱ्या बायांना त्यातनं दाणे मिळतात. खोलीची किल्ली माझ्या आईकडं व्हती. आई गेली तशी ती माझ्या बायकोकडं, दबोराकडं आली. त्याला बावीस वर्षं झाली.

त्या कोठीची एक रीत हाय. ती कधी पालथी करायची न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आईनं ती पालथी करून, बुडाला थापा मारून शेवटचे दाणे काढले व्हते, आन् त्यानंतर कितीतरी महिने त्या कोठीत पडला न्हाई एक दाणा. आईच्या मनानं घेतलं, की आपण कोठी पालथी केली म्हणून असं झालं. तवापासून तिनं नेम धरला: तळाला पायलीभर, म्हंजी चार शेर, बाजरी ठेवायचीच, आन् नवी तिच्यावर ओतायची. पुढं मंडळीनंबी ते मनावर घेतलं. हंगामाच्या सणाला नवी बाजरी जुन्यावर पडताना सगळे उभे राहतात, एक गीत म्हणतात. दबोरा तवा कोठीला हात लावून उभी असती. मंडळीत कोण गातं, कोण पेटी वाजवतं, कोण बायांची सभा चालवतं. दबोराचं काय, तर ती खोली. तिची ओळख म्हणा, मान म्हणा, सगळं तेच. किल्ली ती कमरेला लावती, अंघोळीला जातानाच काढती.

ह्या जानेवारीत एका रविवारी उपदेश चालू व्हता आन् खोलीकडच्या खिडकीतनं तीन पाखरं आली. चर्चमधी साठ माणसं बसलेली. पाखरं कुणाकडं गेली न्हाईत. सरळ माझ्या छातीवर येऊन बसली आन् पंख थरथरवायला लागली. मी हळूच झटकली, ती परत आली. मागच्या बाकावर पोरी खुदखुदल्या. आमच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी केल्विन, तिशीतला हाय, शिरूरला मोबाईलचं दुकान चालवतो, त्यानं मान वळवून बराच वेळ बघितलं.

पुढच्याच आठवड्यात सारजाबाई महिन्याची बाजरी परत घेऊन आल्या. सातजणींत सगळ्यात थोर त्या, ऐंशीच्या पुढं. भांडायला न्हाई आल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, “दबोरा, मला दिसत न्हाई गं नीट. चाळणीत हे गोळे-गोळे येतात, ते काय हाय बघ.” जाळी व्हती. दाण्याला दाणा चिकटलेला, आन् मधी पांढरी अळी.

मग काय. केल्विननं दोन गोष्टी जोडल्या. दावीदमामा कंपनीतनं किडे आणतात, चर्चमधी बसतात, तिथनं ते कोठीत जातात. चार दिवसांत गावभर झालं. दुकानात मी साखर मागितली तर दुकानदार म्हणाला, मामा, बाहेरच थांबा, मी आणून देतो.

घरी दबोरानं मला मोरीच्या बाहेर उभं केलं. शर्ट सोड्याच्या पाण्यात उकळला. मला दगडानं घासलं म्हटलं तरी चालंल. एवढी वर्षं माझ्या नोकरीबद्दल तिनं एक शब्द वाकडा काढला न्हवता. त्या दिवशी म्हणाली, “तुमच्यापायी माझ्या कोठीला नाव ठेवायला लागलेत.”

आता माझ्या डोक्यात आधीपासनंच एक खटकत व्हतं. वास नराला बोलावतो, हे खरं. पण बोलवायला नर आधी तिथं असावा लागतो. कंपनीतनं गावापर्यंत बावीस किलोमीटर मी गाडीवर येतो, एवढ्या वाऱ्यात पाखरू काय माझ्या खिशाला धरून बसतं का? मी ताडून बघायचं ठरवलं. दबोराचं माहेर दौंड तालुक्यात, राहूला. मेहुण्याकडं एका घरगुती कामानं गेलो, मुद्दाम तोच शर्ट घालून. त्याच्या पडवीत गव्हाची पोती रचलेली, दिवस मावळेपर्यंत मी पोत्यांना टेकून बसलो. एकबी पाखरू आलं न्हाई. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही पोती राखायला आलात का.

दुसऱ्या दिवशी दबोरा खोली झाडायला निघाली तसा मी मागं गेलो. तिनं दार उघडलं. आत अंधुक उजेड. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलो. कोठीच्या मागनं एक पाखरू उठलं, मग दुसरं, मग चार-पाच, आन् वाकडीतिकडी उडत सगळी माझ्या छातीवर.

“बघा,” दबोरा म्हणाली, “आणलीत का न्हाई?”

“मी आणली असती तर माझ्या मागनं आली असती. ही पुढनं आली.”

ती झाडू धरून उभी राहिली.

“कोठी पालथी कर, दबोरा,” मी म्हणालो. “आतच घर केलंय त्यांनी.”

“माझ्या कोठीत? बावीस वर्षं मी लिंबाचा पाला घालती. दाण्याला ऊन दाखवती. एक दाणा ओला ठेवत न्हाई.”

“वरच्याला ऊन दाखवतीस. तळाच्या पायलीला कवा दाखवलंस?”

तिनं झाडू भिंतीला टेकवला. मला बाजूला सारलं, दार ओढलं, कुलूप लावलं. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज. मला तिचा राग आला न्हाई. पन्नास वर्षं एका घरच्या दोन बायांनी देवाचं काम म्हणून जे जपलं, त्यातच किडे पोसले जात व्हते, हे मी उंबऱ्यात उभं राहून एका वाक्यात सांगितलं. तोंडात मारल्यासारखंच झालं ते. पण सारजाबाईंच्या पोटात काय जातंय, हेबी मला दिसत व्हतं.

त्या रविवारी उपासना झाल्यावर पंचकमिटी बसली. सगळी मंडळी थांबली. असल्या बैठकीला कुणाला घरची घाई नसती. केल्विन उभा राहिला. पोरगा वाईट न्हाई, सरळ बोलला.

“हे बघा, दोनच शक्यता आहेत. एक तर खोलीत काहीतरी गडबड आहे. तसं असेल तर किल्ली कमिटीनं घ्यावी, आपण झाकणाचे प्लास्टिकचे ड्रम आणू, पाळीपाळीनं बघू. दबोरामामींनी फार वर्षं केलं, आता त्यांना विश्रांती. किंवा मग,” तो माझ्याकडं वळला, “दावीदमामांच्या कपड्यावरून येतात. मामा, तुम्ही ह्यातले जाणकार. तुम्हीच सांगा, आम्ही मानू.”

मी खरं सांगायलाच गेलो व्हतो. देवाची शपथ. काय बोलायचं ते पाठ केलं व्हतं, नर, मादी, तळाची पायली, सगळं. उठलो आन् बायांच्या बाजूला बघितलं. दबोरा तिसऱ्या बाकावर. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. कमरेच्या किल्लीवर हात दाबून बसली व्हती, पोटात कळ आल्यावर बाई बसती तशी.

“माझ्याच अंगावरनं येतात,” मी म्हणालो. “कंपनीतनं.”

लोकं लगेच मऊ झाली. कुणी म्हणालं, मामाची काय चूक, नोकरीच तशी. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठरलं असं, की ईस्टरपर्यंत मी चर्चच्या बाहेर बसायचं. अंगणात चिंच हाय, तिच्याखाली खुर्ची टाकतील, उपदेश बाहेर ऐकू येतोच. किल्ली दबोराकडंच राहिली.

घरी जाताना मी दबोराला म्हणालो, “आता कोणाचं लक्ष न्हाई. उद्या कोठी पालथी करून टाकू, मिटला विषय.”

“कशाला पालथी करायची?” ती म्हणाली. “कोठीत काही न्हाई. तुम्हीच म्हणालात ना, भर मंडळीत.”

मी रस्त्यातच उभा राहिलो. अकरा वर्षं पाखरांच्या मागं घालवली, मला वाटायचं फसायची अक्कल फक्त नरालाच असती. आपण बोललेलं खोटं आपल्याच बायकोला खरं वाटंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हवतं. वाटंल म्हंजी काय, तिला ते खरं पायजेच व्हतं.

तीन रविवार मी चिंचेखाली बसलो. आत गीतं चालायची. मी बाहेर ओठ हलवायचो. माणसं आत जाताना सलाम करायची, पण लांबनं. आन् दिवस कलला की खोलीच्या झरोक्यातनं एक-दोन पाखरं यायचीच, अंगण ओलांडून, माझ्या खिशावर. त्यांना कमिटीचा ठराव कुणी कळवला न्हवता. मी झटकायचोबी न्हाई. कंटाळा आला व्हता मला, सगळ्याचाच. नोकरीचा, वासाचा, माझ्या स्वतःच्या चांगुलपणाचा तर लईच.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी मला सुट्टी व्हती. दुपारी दबोरा घरी आली, दारातनंच म्हणाली, “ताडपत्री घ्या.”

“काय झालं?”

“महिना झाला तुम्ही खोलीकडं फिरकला न्हाईत. शेजारच्या भिंतीलाबी टेकला न्हाईत. आन् सारजाबाईंचं मोजायला झाकण काढलं तर तोंडावर आली पाखरं.” एवढं बोलून ती वळली.

दुपारचं तिकडं कुणी नसतं. आम्ही वरची बाजरी पोत्यांत काढली. मग दोघांनी कोठी आडवी केली आन् बुडाला हात लावून पालथी केली. आधी काही पडलंच न्हाई. मग मी थाप मारली आन् एक अख्खं ढेकूळ खाली आलं. राखाडी, फडक्यासारखं विणलेलं. ती बाजरी न्हवती राहिली. नुसती जाळी, टरफलं, भुस्सा, आन् त्यात अळ्या वळवळत व्हत्या. दर वर्षी नवं धान्य त्यांच्या अंगावर ओतून आम्ही उभं राहून गीत म्हणत व्हतो.

दबोरा तिथंच ताडपत्रीच्या कडेला बसली.

“आत्याबाईंनी ठेवलेली पायली,” ती म्हणाली.

“आईला काय म्हाईत. तिनं चांगल्या मनानंच केलं.”

“आन् मी? मी बावीस वर्षं म्हाताऱ्या बायांना हे घातलं खायला.” ती रडली. दबोरा सहसा रडत न्हाई. मी तिच्या पाठीवर हात ठेवला न्हाई, कारण माझ्या हाताला तो वास, आन् पाखरं अजून उडतच व्हती. शेजारी नुसता बसून राहिलो.

मग आम्ही ढेकूळ जाळलं, वरची बाजरी चाळून उन्हात पसरली, कोठी उकळत्या पाण्यानं धुतली, सांध्यासांध्यांत काडी घालून खरवडली. संध्याकाळपर्यंत माझी कंबर गेली. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. रविवारी ती सांगंल, मी आत जाऊन बसंन.

घरी चहा देताना ती म्हणाली, “आता पाखरं थांबतील.”

“थांबतील. महिन्या-दीड महिन्यात एकबी दिसणार न्हाई.”

“तुम्ही बाहेर बसला म्हणून थांबली, असं वाटंल लोकांना.”

मी कप खाली ठेवला.

“ईस्टरपर्यंतच,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “तुम्हाला काय, तुमची नोकरीच तशी, कुणी वाईट म्हणत न्हाई तुम्हाला. माझं उघडं पडलं तर सारजाबाईंना मी तोंड कसं दाखवू? किल्ली घेतील ती घेतील, वर दर हंगामाला बोलतील.”

राग आला. खरं सांगतो, लई राग आला. खोटं मी माझ्या मनानं बोललो तवा ते हलकं वाटलं व्हतं. आता तिनं ते मागून घेतलं तर दगडासारखं झालं. पण तिचे हात अजून गरम पाण्यानं लाल व्हते, आन् मला भांडायची ताकदबी न्हवती. “बसतो,” म्हणालो.

त्यानंतरचा रविवार मार्चचा पहिला. पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकर आन् प्याला. कुणाचं कुणाशी वाकडं असलं, मनात काही लपवलेलं असलं, तर तो माणूस त्या दिवशी घेत न्हाई. नुसता बसून राहतो. का घेतलं न्हाई असं कुणी विचारत न्हाई, पण दिसतं सगळ्यांना.

मी चिंचेखाली. त्या दिवशी एकबी पाखरू आलं न्हाई. आतल्या सगळ्यांचं झालं तसे पाळकसाहेब ताट आन् प्याला घेऊन पायऱ्या उतरून माझ्याकडं आले. ऊन तिरपं पडलं व्हतं, त्यांचा पांढरा झगा धुळीत लोळत व्हता. एका माणसासाठी एवढं चालत आले, मला कसंतरीच झालं. दारात माणसं वळून बघत व्हती. त्यांत दबोराबी व्हती.

“दावीद,” त्यांनी ताट पुढं केलं.

माझा हात उठला, आन् तसाच खाली आला. “आज नको, साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काही विचारलं न्हाई. थोडं थांबले आन् ताट घेऊन माघारी गेले.

उपासना सुटली. दबोरा आली, आम्ही चालायला लागलो. ओढा आला.

“का न्हाई घेतलंत?” तिनं विचारलं.

“खोटं बोललोय, भर मंडळीत. ते पोटात ठेवून कसं घेऊ?”

ती चार पावलं चालली आसंल. मग थांबली.

“मी तर घेतलं,” ती म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज मी ऐकला न्हवता. मी म्हणालो, “जाऊ दे आता. ईस्टरपर्यंतच तर हाय.”

“गप बसा,” ती म्हणाली, आन् चर्चकडं तोंड करून उभी राहिली. तिला लांबचं नीट दिसत न्हाई. “पाळकसाहेबांची गाडी गेली का बघा.”

मी बघितलं. गाडी फाटकाशीच व्हती. पाळकसाहेब हेल्मेट घालत व्हते.

“हायेत अजून,” मी म्हणालो. “पण केल्विन हाय शेजारी. आन् सारजाबाई हायेत, आजून चार-पाच बाया हायेत.”

“असू दे,” दबोरा म्हणाली, आन् माझी वाट न बघता माघारी चालायला लागली.